फुली

घरमालकीण सुंद्राक्का मला फुली म्हणते.
लालरुआतफेली एवढं नाव तिच्या तोंडात मावत नाही,
आणि नुसतं फेली म्हटलं की तिला वाटतं
पोरगी नापास झाली.

ऐझॉलच्या वर्गात शिकवलं होतं,
मुलगी म्हणते मी येते, मुलगा म्हणतो मी येतो.
वहीत दोन रकाने पाडून घोकलं.
माझ्या भाषेत येणाऱ्यानं फक्त यायचं असतं,
बाई की पुरुष हे क्रियापद विचारत नाही.
आणि इथं गंगावेशीत सुंद्राक्का पदर खोचून म्हणते,
"मी बाजारला जाऊन येतो गं, दूध बघ."
पहिला आठवडा त्या वहीवर मी रडलो.
हो, रडलो. आता मीपण.

सकाळी कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात,
धार थेट पेल्यात.
पहिल्यांदा प्यायलो तेव्हा दूध म्हशीच्या अंगाइतकं गरम होतं
आणि गवळी हात थांबवून बघत होता,
ही चिनी पोरगी ओकती का काय.
ओकलो नाही. त्यानं पैसे घेतले नाहीत.
दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचे घेतले.

साडेनऊला सीपीआर.
तिथलं माझं काम मला नीट सांगता येत नाही.
केसपेपरच्या रांगेत कुणाची तरी पिशवी धरून उभा असतो.
रक्तपेढी कुठं ते दाखवतो.
सलाईन संपत आलं की सिस्टरला हाक.
कुणी विचारतं, तू कुणाची?
देवाची, असं म्हणायला शिकवलं होतं.
मी म्हणतो, सुंद्राक्काची भाडेकरू.

महिनाअखेर अहवाल जातो ऐझॉलला.
घरभेटी किती. प्रार्थना किती. नवीन किती.
शेवटच्या रकान्यात अकरा महिने शून्य.

तिकडं आई भात टाकण्याआधी, दोन्ही वेळा,
मापातली एक मूठ वेगळ्या डब्यात काढते.
गल्लीतल्या सगळ्या आया काढतात.
तो तांदूळ चर्चमध्ये जमतो, विकला जातो,
त्याचा पैसा होतो, पैशाचा मी.
मग लक्ष्मीपुरीच्या दुकानात मी परत तांदूळ होतो.
आजरा घनसाळ हुंगतो फक्त. साधा घेतो.
एकटा जेवताना घास मध्येच थांबतो:
आई, तुझ्या एवढ्या मुठी, आणि माझं शून्य.

काल रात्री वैजयंता होती ऑपरेशनच्या दाराबाहेर.
नवरा शिरोलीच्या फौंड्रीत, हात यंत्रात गेलेला.
डबा उघडलाच नव्हता तिनं.
म्हणाली, "आमच्या देवांना सांगून झालं सगळं.
तुझ्या देवाला सांग की."

मी डोळे मिटले, आणि मराठी गेली.
सगळी. क्रियापदं, विभक्ती, सकाळचं गवळ्याशी बोललेलंही.
मग मी बोललो आईच्या भाषेत, आईच्याच घाईत,
चूल पेटलेली असताना ती जशी बोलते तसं.
संपल्यावर वैजयंतानं नाक पुसलं.
"एवढ्या लांबचं बोललीस," म्हणाली,
"म्हंजे लांबपतुर गेलं असंल."
आणि डबा उघडला. अर्धी भाकरी मला.

हात राहिला. तीन बोटं नाहीत.

आज अहवाल लिहायला बसलो.
प्रार्थना: एक. ती कळली कुणाला, हा रकाना नाही.
नवीन किती, तिथं पेन थांबलं.
शून्य घालवेना. एक लिहिणं खोटं.
मी तिथं फुली मारली.
ऑफिसातून विचारतील, ही कसली खूण?
सांगेन, माझी सही.

खालून करपल्याचा वास येतो आहे.
पाठोपाठ सुंद्राक्काचा आवाज,
"फुली! दूध बघ म्हटलंतं न्हवं?"
"आलो, आलो," मी ओरडतो,
आणि पाय घसरत जिना उतरतो.